आडनावापाशी थांबलेलं पेन

आडनाव सांगितलं आणि बाईंचं पेन थांबलं.

लातूर. समुपदेशन केंद्राची आतली खोली. कोपऱ्यात उदबत्ती, भिंतीवर सूर्योदयाचं चित्र. नाव लिहून झालं होतं, वय लिहून झालं होतं. आडनावापाशी पेन उचललं गेलं आणि बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"म्हणजे तुम्ही कोण?"

"बौद्ध."

"अच्छा, अच्छा." पेन टेबलावर ठेवलं. "मला काही प्रॉब्लेम नाही हं. आमच्याकडे खूप येतात तुमच्यातले."

मग मी सांगितलं. नांदेडला एका दैनिकात बातमीदार आहे. काही महिने झाले, झोप लागत नाही. फोन वाजला की हात बधिर होतात. सकाळच्या बैठकीला निघाले की ऑफिसच्या जिन्यातच श्वास अडकतो. एकदा अर्ध्या जिन्यातून परत फिरले आणि ताप आल्याचं कळवलं.

मी थांबल्यावर बाई म्हणाल्या, "हे बघा, तुम्हाला आता काय कमी आहे? शिक्षण झालं, सवलती मिळाल्या, नोकरी लागली. तुमच्या आईवडिलांनी काय भोगलं असेल ते आठवा. रोज सकाळी उठून जे मिळालं त्याचे आभार माना. मनात कडवटपणा ठेवू नका."

खासगी दैनिकात कोणती सवलत असते, हे मी विचारलं नाही. पत्रकार परिषदेत मंत्र्याला दोनदा तोच प्रश्न विचारणारी मी. तिथं मान हलवली. शेजारी पाण्याचा काचेचा ग्लास होता, तो रिकामा केला. उठताना म्हणाले, "थँक्यू, मॅडम."

बाईंच्या सगळ्या बोलण्यापेक्षा मला त्या दोन शब्दांची लाज जास्त वाटते.

लातूर मी मुद्दाम निवडलं होतं. नांदेडात कोणीतरी ओळखेल ही भीती. लातुरात शिकवण्यांसाठी आलेल्या मुलांमुळं अशी केंद्रं बरीच आहेत, तिथं कोण कोणाकडं बघतं? बाहेरच्या बाकावर बारावीची पोरं गुडघ्यावर पुस्तक ठेवून प्रश्न सोडवत होती. शेजारी त्यांचे पालक. एका आईनं मला विचारलं, "तुमचं लेकरू कितवीला हाय?"

"बारावीला," मी म्हणाले.

मला लेकरू नाही.

नांदेडहून लातूरची एसटी लोह्यावरून जाते. लोहा सोडल्यावर थोड्या वेळानं आमच्या गावाचा फाटा लागतो. गावात आई एकटी राहते. तिला मी लातूरला मीटिंग आहे असं सांगितलं होतं. बस फाट्यावर थांबली तशी मी ओढणी तोंडावर घेतली. येताना पुन्हा घेतली.

बाईंनी नवीन काही सांगितलं नव्हतं. ते सगळं मी स्वतःला आधीपासून सांगत होते. आईनं जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी केली. श्वास अडकतोय म्हणून ती एक दिवस घरी बसल्याचं मला आठवत नाही. आणि मला खुर्ची, पंखा, महिन्याचा पगार, बातमीवर नाव. तरी जिना चढवत नाही.

मी आभार मानू लागले. सकाळी उठून नळाचे, गॅसचे, पंख्याचे. झोप आली नाही. आभार मानूनसुद्धा मी बरी होत नाही, हा गुन्हा आधीच्या गुन्ह्यांवर चढला.

असंच चालू असताना आमच्या आवृत्तीप्रमुखांनी रविवारच्या पुरवणीसाठी विषय दिला. थेरपी घ्यावी का, आणि घेतली तर काय अपेक्षा ठेवावी? म्हणाले, "तुम्ही लिहा. बायका असं नाजूक चांगलं लिहितात."

क्रीडा पानावरचा सहकारी लगेच ओरडला, "ताई, आधी साहेबांनाच पाठवा तिकडं. सोफ्यावर पडले की डॉक्टरांना म्हणावं, आमच्या पगारवाढीचा विषय काढा."

सगळे हसले. साहेबही हसले. मीही.

नांदेडातल्या एका मानसतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली. वही उघडली आणि वाचकांचे म्हणून प्रश्न विचारले. त्यांनी सरळ उत्तरं दिली. पहिल्या काही भेटी ओळखीतच जातात. त्या सल्ला देत नाहीत. माणूस आपलं आपण जे बोलायला घाबरतो, ते बोलून होईपर्यंत सोबत बसतात. गोळ्या त्या लिहून देऊ शकत नाहीत, ते मनोविकारतज्ज्ञांचं काम. एखादा आठवडा आधीपेक्षा वाईट जाऊ शकतो. सांगितलेलं बाहेर जात नाही, फक्त कोणाच्या जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. काही भेटींनंतर दोघांनी मिळून बघायचं, काही हललं का. पटलं नाही तर दुसऱ्याकडं जायचं, त्यात कोणाचा अपमान नाही.

सगळं लिहून घेतलं. मग म्हणाले, "एका वाचकाचा प्रश्न आहे." आणि लातूरची खोली सांगितली. सवलती, आभार, कडवटपणा, सगळं. थांबलेलं पेनसुद्धा.

त्यांनी माझ्या वहीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"त्या बाईंनी ऐकून घेतलंच नाही. निकाल दिला," त्या म्हणाल्या. "पण मी तसं करणारच नाही, असं मी छातीठोक सांगणार नाही. मी ज्या घरातून आले तिथं जातीबद्दल बोलायची गरजच पडली नाही. शिकतानाही कोणी बोललं नाही. त्या वाचकाला सांगा, पहिल्याच भेटीत विचारा, माझ्या जातीमुळं जे झालं ते इथं बोलता येईल का? समोरचा चुळबुळ करायला लागला तर उठून या."

लेख लिहिला. हा प्रश्न आणि हे उत्तर शेवटी ठेवलं. साहेबांनी वाचला आणि तेवढाच परिच्छेद काढला.

"हे कशाला? आरोग्याचा विषय आहे. सगळीकडं तेच आणायचं का? सकारात्मक ठेवा."

असे परिच्छेद माझ्या लेखांतून अनेकदा गेले आहेत. खरं सांगायचं तर साहेबांच्या टेबलापर्यंत पोचायच्या आधी मीच ते काढत आले. वाद नको, आपली तक्रार नको, आपल्या लोकांवर बोट नको. कापायला शिकले म्हणून तर टिकले.

"मग लेख छापू नका," मी म्हणाले.

"काय?"

"तो परिच्छेद राहणार. नाहीतर लेख नको."

त्यांनी वर पाहिलं. "तब्येत बरी नाही का तुमची?"

"नाही. बरी नाही. म्हणूनच म्हणते."

माझे हात बधिर झाले होते. ते तसेच टेबलावर राहू दिले. लेख परत घेतला.

रविवारी त्या जागेवर आवळ्याचे फायदे छापून आले.

तेव्हा मी लातूरची बस धरली आणि फाट्यावर उतरले. आई ओट्यावर तुरीची डाळ पाखडत होती.

"अवचित कशी आलीस? नोकरी गेली का?"

"न्हाई."

"मंग तोंड का आसं?"

सांगितलं. लातूर, खोटी मीटिंग, फाट्यावर झाकलेलं तोंड. आईचा सुपावरचा हात थांबला.

"त्या बाईनं पानी दिलं का तुला?"

"दिलं."

"कशात?"

"काचेच्या गिलासात."

आईनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आमाला वरून वंजळीत वतायचे. तुला गिलासात देऊन तेच केलं."

मी म्हणाले, "पन तू एवढं सोसून उभी ऱ्हायलीस ना. माझ्यानं जिना चढवत न्हाई."

"कोन म्हनलं उभी ऱ्हायले? बांधाच्या पल्याड जाऊन उलट्या करायची मी. छाती आशी धडधडायची की वाटायचं आता पडते. पोरी भेतील म्हून घरी सांगितलं न्हाई. तुझ्या बापाला सांगितलं तर म्हनला, पित्त हाय." ती हसली. मग हसू गेलं. "मला कोनी इचारलं न्हाई म्हून मी गप ऱ्हायले. तू माझं नाव घेऊन गप बसू नको, माय."

अपराधी वाटणं त्यानं गेलं नाही. वाढलं. जिल्हाभर फिरून लोकांची दुःखं टिपणारी मी, आणि घरातल्या या उलट्या मला कधी दिसल्या नव्हत्या. पण त्या दिवशी एक कळलं. आईच्या सोसण्याचा हवाला देऊन मला गप करण्याचा हक्क लातूरच्या बाईंना नाही. मलाही नाही.

नांदेडच्या बाईंना फोन केला. म्हणाले, "तो वाचक मीच."

"मंगळवारी या," त्या म्हणाल्या.

मंगळवारी जाणार आहे. दुपारी, भर बाजारातल्या जिन्यानं, ओढणी खांद्यावर ठेवून. बाहेरच्या बाकावर कोणी ओळखीचं भेटलं आणि विचारलं, कोणासाठी आलात, तर सांगेन, माझ्यासाठी. आईला कुठं जाते ते माहीत आहे.

झोप येईल का, जिना चढता येईल का, सांगता येत नाही. चमत्काराची अपेक्षा नाही. झोप परत हवी आहे. राग मात्र कोणाच्या हवाली करणार नाही, तो माझा आहे आणि तो आजार नाही. अपराधीपणाही घेऊन जाईन. त्यातला माझा किती आणि माझ्यावर लादलेला किती, हे तिथं बसून निवडायचं आहे.

बाईंनी विचारायच्या आधीच पूर्ण नाव सांगेन. आडनाव शेवटी, सावकाश. आणि त्यांच्या हाताकडं बघेन. पेन चालत राहिलं तर बसेन. थांबलं तर उठेन, आणि या वेळी थँक्यू म्हणणार नाही.