तिसऱ्या गावची बाई

रस्त्याकडेच्या आमच्या खाचरात यंदाही भात चार जागी विरळ आलंय. बाकी खाचर हिरवंगार आहे, वारा आला की एका अंगावर कलतं आणि पुन्हा उभं राहतं. पण त्या चार जागी, आणि त्यांच्या मधोमध आणखी एका जागी, रोपं पिवळी आणि खुरटी. वाटेने जाणारा नवखा माणूस म्हणेल, रोग पडला. रोगबिग काही नाही. भात झोडून झाल्यापासून शिमग्यापर्यंत दर रविवारी तिथे पोरं पाय आपटत असतात, जमीन दगडासारखी होते, आणि नांगर कितीही खोल घातला तरी ती आपला हट्ट सोडत नाही. मुलगा कुरकुरतो. पूर्वी या खाचरात भातानंतर उरल्या ओलीवर आम्ही वाल टाकायचो. आता ते मोकळं ठेवतो, सॉफ्टबॉलसाठी. तो म्हणतो, आई, वालही गेले आणि भातही घटलं. मी म्हणते, घटू दे. पण हल्ली त्या पिवळ्या जागांकडे बघितलं की माझा जीव एका जागी राहत नाही. ओटीवरून उठते, बांधापर्यंत जाते, परत येते. सून विचारते, काय हरवलंय? हरवलं काही नाही. एक बाई आठवते.

हा खेळ आमच्याकडे कसा आला ते सांगते, म्हणजे बाई कळेल. पेणच्या एका शाळेतल्या सरांनी तो आणला. पेणपासून रोह्यापर्यंतच्या गावांतली मुलं-मुली त्यांनी जमवली आणि त्याला लीग म्हणायला लागले. सुरुवातीला आम्ही हसलो. लाकडाच्या दांडक्याने चेंडू मारायचा, दांडकं टाकायचं आणि जीव घेऊन धावायचं; चार घरं फिरून पुन्हा पहिल्या जागी यायचं. मारणाऱ्याच्या आधी चेंडू घरात पोहोचला की तो आऊट. एवढंच आहे. माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईलाही दोन रविवारांत कळलं. पण सरांनी नियम मात्र विचार करून केले. निम्म्या मुली पाहिजेत. आलेलं प्रत्येक मूल खेळलंच पाहिजे, मग ते कितीही धडपडो. चामड्याचे हातमोजे एकाच संघापुरते, म्हणून आपली पाळी संपली की मोजा जिथे उभे होतो तिथेच जमिनीवर ठेवायचा आणि समोरच्या संघाच्या पोराने तोच घालायचा. पहिल्या वर्षी काही आयांनी नाकं मुरडली. कोणाच्या घामाचा, कोणत्या आळीतल्या पोराचा. पोरांना त्याचं काही नव्हतं. उबदार मोज्यात हात घालायला थंडीत बरं वाटतं, असं माझी नात म्हणायची. शहाणी माणसं ज्यावर सभा घेतात ते असं एका थंडीत आपोआप निघून जातं.

दुसरा नियम पंचाचा. दोन गावं खेळणार असतील तर पंच तिसऱ्या गावचा हवा. नाहीतर काका, मामा, आजोबा, सगळे नात्याने आऊट आणि नात्याने सेफ देतात. पुरुष कंपनीच्या शिफ्टला, म्हणून पंच बहुतेक बायकाच. सरांनी शाळेच्या पटांगणात बायकांना शिकवलं. मीही गेले होते. मला नापास केलं, कारण मी मध्येच पोरांना ओरडून सांगायची, अरे पळ, अरे चेंडू तिकडे! पंचाने तोंड मिटून बघायचं असतं म्हणे. ते मला या जन्मी जमायचं नाही.

आणि तिसरी गोष्ट, ती नियमात नव्हती पण नियमाहून घट्ट होती. हरलेल्या गावाने पंचाला जेवू घालायचं. यजमान हरले तर त्यांच्या घरी पान मांडायचं, पाहुणे हरले तर त्यांनी बरोबर आणलेला डबा पंचापुढे उघडायचा. ज्यांचं मूल संघात आहे त्या घरांनी पाळीपाळीने रांधायचं. कोणी सुरू केलं ठाऊक नाही, सरांनी तर नाही. पण मला ते पहिल्यापासून पटलं. ज्याने तुझ्याविरुद्ध हात वर केला त्यालाच वाढताना राग हातात धरून ठेवता येत नाही. भाकरी थापायला दोन्ही हात लागतात.

ती बाई कासूच्या पलीकडची, खाडीच्या अंगाला राहणारी. उमेदीची वर्षं सगळी मिठागरात गेलेली. वय माझ्याच आसपास. काष्टा घट्ट, डोक्याला टॉवेल, आणि उभी राहिली की पुरलेल्या खांबासारखी. हात वर केला की केला. पोरं तिला टरकून असत, आणि तिच्याच पाठीमागे हिंडत.

गेल्या साली शिमग्याच्या तोंडावर आमच्या खाचरात ती पंच होती. आमच्या शेजारणीची लेक आमची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. हात असा, की चेंडू दिसायच्या आधी कॅचरच्या मोज्यात वाजायचा. शेवटच्या डावात ती पहिल्या घराकडे धावली. चेंडू आणि तिचा पाय, एका श्वासाचं अंतर. बाईने आऊट दिलं. आम्ही हरलो. ती आऊट होती. मी बांधावर, घराच्या अगदी रेषेत बसले होते, आणि माझे डोळे अजून शाबूत आहेत. पण पोरीचा चुलता मैदानात घुसला आणि म्हणाला, "खारातल्या बाईला काय कळतंय खेळातलं? जा, मीठ तुडव!"

बाई हलली नाही. म्हणाली, "मीठ तुडवलंय म्हणूनच पाय घट्ट हायत, दादा. आऊट ती आऊटच."

त्या दिवशी रांधायची पाळी शेजारणीचीच होती. तिने दिराच्या भीतीने म्हणा किंवा लेकीच्या रडण्याने म्हणा, दार लावून घेतलं. आतून फोडणीचा वास येत होता, सगळं तयार होतं, आणि कडी लागलेली. बाई आंब्याखाली बसून राहिली. मागायला गेली नाही, उठूनही गेली नाही. माझ्याने बघवेना. मी घरातली भाकरी आणि सुकट ताटात घेऊन गेले.

तिने ताटाकडे बघितलं. "आज तुझी पाळी हाय का गो?"

"नाही, पण—"

"मग नेऊन ठेव. कुत्र्याला टाकल्यासारखं कोणाचंबी जेवाला मी नाय आली."

गाडीची वेळ झाली तशी ती स्टेशनकडे चालू लागली. पाठमोरी बघितली मी तिला, आणि मला स्वतःच्या गावाचा एवढा संताप आला की ते ताट मलाही गेलं नाही.

पावसाळा गेला, भात झोडून झालं, आणि पुन्हा लीग भरायची वेळ आली तेव्हा कळलं की ती गोष्ट पेणपासून रोह्यापर्यंत सगळीकडे पोहोचली आहे. आमच्या गावाला पंच मिळेना. नागोठण्याकडच्या बायका सरांना तोंडावर म्हणाल्या, "तिथे पंच उपाशी जातो. आम्ही नाय येणार." सरांनी आम्हाला सांगितलं, पहिल्या रविवारपर्यंत पंच आणा, नाहीतर तुमचं गाव यंदा बाहेर. शेजारणीची लेक नववीत. लीगमध्ये पंधरा वर्षांपर्यंतच खेळता येतं, म्हणजे तिचं हे शेवटचं वर्ष. ती दुपारभर घराच्या मागच्या भिंतीवर चेंडू आपटत बसायची. धप्. धप्. तो आवाज माझ्या स्वयंपाकघरात यायचा. तांदूळ निवडताना, भांडी लावताना, आडवी झाले तरी. शेवटी मी शेजारणीच्या दारात गेले आणि म्हटलं, "लुगडं बदल. आपण जाऊ तिच्याकडे."

"ती हाकलून देईल."

"देईल. तू दार लावलंस, ती दार उघडून हाकलेल. एवढा फरक पुरे."

आमच्या निडी स्टेशनवरून पॅसेंजरने कासूला उतरलो आणि खाडीच्या दिशेने चालत गेलो. शेजारणीने डबा घेतला होता, वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या. सबंध वाट ती डबा या हातातून त्या हातात घेत होती. बाई अंगणात जवळा वाळत घालत होती. उठली नाही. म्हणाली, "बसा. पाणी हाय माठात, घ्या हातानं."

शेजारीण उभ्याउभ्याच म्हणाली, "चुकलं आमचं."

"ते मागाहून. आधी सांग, तुझी लेक आऊट होती का नाय?"

शेजारणीने माझ्याकडे बघितलं. मी जवळ्याकडे बघितलं. हे उत्तर दुसऱ्याने देण्यातलं नव्हतं.

"होती," ती म्हणाली.

"मग झालं." बाईने जवळा पसरायला घेतला. शेजारणीने डबा पुढे केला तशी ती हसली, दात थोडेच राहिले होते. "हा काय? मी पंच हाय गो बाय, भिकारीण नाय. मॅच लावा. हरा. मग जेवते, बोटं चाटून जेवते."

येताना गाडीत शेजारीण रडली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. अशा वेळी पाठीवरून हात फिरवायचा असतो हे मला माहीत आहे, पण मला ते सुचत नाही.

रविवारी बाई आली. समोर नागोठण्याकडचा संघ. रांधायची पहिली पाळी शेजारणीचीच; तिने पहाटेपासून रांधलं होतं आणि दार सताड उघडं टाकलं होतं. तो चुलता अंघोळ करून, भांग पाडून बांधावर बसलेला; आमच्या पोरांविरुद्ध निकाल गेला तरी टाळ्या वाजवत होता. कोणीतरी म्हणालं, "अरे, तू कुठल्या गावचा?" तरी तो वाजवतच राहिला. बाईने मात्र कशाचीच दखल घेतली नाही. शेजारणीच्या लेकीने टाकलेले चेंडू जरा बाहेर गेले की ती बिनदिक्कत वाईट म्हणून मोजायची. पोरगीही ओठ चावून पुन्हा टाकायची.

शेवटच्या डावाआधी पाण्याची सुट्टी झाली. आम्ही थोडे पुढे होतो. तेव्हा शेजारीण लेकीजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "जरा सैल टाक ना गो. आज हरलो तर बाई आपल्याकडे जेवेल."

असलं आमच्याच बायकांना सुचावं. पोरीचं तोंड उघडंच राहिलं. वर्षभर भिंतीवर चेंडू आपटून तिने हात असा केला होता, तो काय हरायला? पण आईच्या डोळ्यांकडे बघून ती विचारात पडली. मला दिसलं, ती खरंच विचारात पडली. मी तिला हाक मारायला बांधावरून उठत होते.

बाई तिथेच पाणी पीत होती. तिने तांब्या खाली ठेवला. "काय गो," ती म्हणाली, मोठ्याने नाही पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "मना जेवाला घालाला पोरीला हरवतेस? मग तो घास माझ्या घशाखाली उतरंल का?" आणि पोरीकडे वळून, "तू टाक. हात मोडून पडंल असं टाक. मी बघते."

पोरीने टाकलं. तसं टाकलेलं मी आधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. नागोठण्याची तीन पोरं एकामागून एक नुसती दांडकी फिरवून परत गेली. आमच्या गावाने आरडाओरडा केला, पोरं एकमेकांच्या अंगावर पडली, आणि शेजारीण दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. हसत होती की काय करत होती, मला सांगता येणार नाही.

बाई आंब्याखाली बसली आणि नागोठण्याकडच्यांचा डबा उघडून जेवली. "तिखट हात हाय तुमचा," असं त्यांना सांगितलंही. शेजारीण दुरून बघत होती. उघड्या दारातून तिच्या चुलीवरचं पातेलं दिसत होतं. ते बिरडं संध्याकाळी आम्ही खाल्लं. चांगलं झालं होतं.

त्यानंतर त्या हंगामात बाईची पाळी आमच्याकडे आली नाही. पंच मात्र येऊ लागले, गाव लीगमध्ये राहिलं. शेजारणीची लेक जिल्ह्याच्या संघात गेली आणि आता पंधरा पूर्ण होऊन लीगमधून बाहेर पडली. धाकटं कोणी नाही. म्हणजे त्या घराला आता रांधायची पाळीच नाही. हे शेजारणीच्या लक्षात आलं ते परवा, तांदूळ निवडता निवडता. तिने मला विचारलं, "तुमच्या नातीच्या पाळीला मी रांधलं तर चालेल?" मी म्हटलं, "तू रांधशील, पण बाई विचारेल कोणाच्या घरचं. मी खोटं बोलणार नाही." ती म्हणाली, "नका बोलू." आणि निवडत राहिली.

माणसाला वाटतं, चुकलं ते केव्हाही नीट करता येतं, फक्त मनात आणलं पाहिजे. तसं नसतं. नीट करण्याची एक दुपार असते, तेव्हा भूक असते, माणूस दारात बसलेलं असतं, आणि पाळी तुमची असते. ती दुपार गेली की मागे चांगलं मन राहतं, आणि त्याला कोणी जेवायला येत नाही. बाई माझ्या वयाची, आणि आमच्या वयात पुढल्या हंगामाचं बोलताना जीभ जरा अडखळते. नातीने हरावं असं कुठल्याही आजीला वाटत नाही. मला यंदा एकदा वाटतंय, फक्त बाई पंच असेल आणि पाळी आमच्या घराची असेल त्या रविवारी, आणि पोरीने जीव तोडून खेळून. तेवढं पुरेल का, ठाऊक नाही. बाईच ठरवेल.