राखुंडीकाकूनं काढलेल्या गाठी

राखुंडीकाकूच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख नेहमी मुळापर्यंत कापलेलं असायचं. बाकीची नखं वाढलेली, त्यांत शेण, हळद, कणीक, काय वाट्टेल ते भरलेलं. हे एकच नख साफ, आणि त्याचा तिला अभिमान. कारण ते बोट तिच्या एकटीचं नव्हतंच, गल्लीचं होतं. दारव्ह्यातल्या आमच्या गल्लीत ज्या पोराचा घसा धरला, त्याच्या घशात हे बोट गेलंच. चुलीतली राख, मीठ आणि हळद लावून. आम्ही पोरांनी तिला राखुंडी हे नाव ठेवलं ते त्यामुळे. माझ्या घशात ते बोट किती वेळा गेलं ते मी मोजलेलं नाही. चव मात्र अजून सांगता येते.

मी आरोग्याच्या प्रश्नांवर काम करते. पत्रकं लिहिते, वाटते, बाजाराच्या दिवशी उभी राहून घसा ताणून बोलते. पत्रकात माणसाला जागा नसते. ‘कोणालाही घशात बोट घालू देऊ नका’ एवढं जाड अक्षरात छापलं की आम्ही मोकळे. त्या वाक्यामागची बाई कशी होती हे पत्रकात मावत नाही, म्हणून इथे लिहिते. तिचं कौतुक करायला बसलेले नाही, हे आधीच सांगते. पण तिच्यावर माझा जीव होता, हेही खोटं नाही.

काम करायची तिची एक रीत होती. ती मागच्या अंगणात पाटावर बसायची, पोराला पुढ्यात पाठमोरं बसवायची आणि त्याचं डोकं दोन गुडघ्यांत पकडायची. सुटायची सोय नाही. मग वरून तिचा उलटा चेहरा दिसायचा. “आ कर. मोठा. गाय जांभई देते तसा.” आ केला की बोट आत. जिभेच्या मुळाशी, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, जोर लावून. डोळ्यांपुढे काजवे. नाकातून राख. पोर ओकलं की काकू खूश. “ओकली म्हंजे इख निंगालं सारं. आता काय नाही व्हत.” थुंकीत रक्त दिसलं तर आणखी खूश, कारण मग विष जास्तच निघालेलं असायचं. नंतर गुळाचा खडा मिळे. तो चरचरणाऱ्या घशाखाली उतरत नसे, आणि नाही खाल्ला तर तिला राग.

आता खरी घाण सांगते. काकूला गुडाखूचं व्यसन होतं. गुळात कालवलेली ती काळी तंबाखू दिवसभर हिरड्यांना घासायची आणि पिचकाऱ्या मारायच्या. घासायची कशानं, तर त्याच बोटानं. पडवीतला खांब, तुळशीमागची भिंत, न्हाणीचा उंबरा, सगळीकडे तांबडे-काळे ओघळ. मी नऊ-दहा वर्षांची असताना एकदा विचारलं होतं, “काकू, हात धुतला का?” तिनं मलाच वेड्यात काढलं. “राखीनं सारे भांडे साफ होतेत, आन् माह्यं बोट नाही होत का? मोठी आली तपासनीस.”

ती गरीब नव्हती, अडाणीपणाला नाइलाज म्हणावं अशी परिस्थिती नव्हती. शेतात तूर, सोयाबीन, दारात ट्रॅक्टर, घरात गॅस. तरी राख हवी म्हणून मागे एक चूल पेटती ठेवलेली. कोणाकडून पैसा घेत नसे, नारळसुद्धा नाही. पोर तापलं की न बोलावता यायची, कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत बसायची. मला काहीच गिळता यायचं नाही तेव्हा ती तुरीच्या वरणाचं नुसतं पाणी, मीठ घालून, कोमट करून आणायची आणि चमच्यानं थेंब थेंब तोंडात सोडायची. आई दमून झोपलेली असायची. काकू दमायची नाही. “गिळ, माही माय. हा एक. आता हा मोत्या कुत्र्याच्या नावाचा.” ते वरणाचं पाणी आठवलं की गुडाखूच्या वासासकट आठवतं.

माझा घसा महिना-दीड महिन्यानं धरायचाच. ताप, कानापर्यंत ठणका, तोंडाला वास, शाळा बुडाली. गावातला एक डॉक्टर जीभही न पाहता कमरेत सुई टोचायचा. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. सुई आणि बोट, बोट आणि सुई, असं माझं बालपण गेलं. दुखणं जुनं झालं की घराला त्याची सवय होते. “हिच्या गाठी आल्या वाटते,” असं आई पाहुणे आल्यासारखं म्हणायची.

आमच्या गल्लीत काकूच्या त्या दाबण्याला ‘गाठी काढणं’ म्हणत. गाठी होत्या तिथेच असायच्या, वर खरचटलेल्या. पण बोलायची पद्धत पडून गेली होती. “जा, काकूकडून गाठी काढून ये,” असं आया पोरांना पीठ आणायला पाठवावं तसं सांगायच्या. या एका शब्दानं माझं वर्ष खाल्लं.

मी सहावीत असताना गावात मोफत तपासणीचं शिबिर लागलं. गरज असेल त्यांचं ऑपरेशन पुढे फुकट, असं माझ्या वडिलांना कचेरीत कळलं; ते तहसीलमध्ये कारकून होते. आई मला घेऊन गेली. मंडपात टेबलामागे एक तरुण डॉक्टर बसला होता.

“काय त्रास?”

“घशातल्या गाठी फुगतात जी. सारखा ताप.”

“टॉन्सिलच्या गाठी आधी काढल्या आहेत का?”

आई प्रामाणिक बाई. म्हणाली, “हो जी. दोन-तीनदा काढल्या.”

डॉक्टरनं पेन ठेवलं आणि शेजारच्याकडे पाहिलं. “दोन-तीनदा? यांच्याकडे पुन्हा उगवतात काय?” शेजारचा हसला. मागची रांग हसली. काय झालं ते न कळता आईही थोडी हसली. “काढल्यात तर आता मी काय काढू, बाई? गोळ्या घ्या. चला, पुढचा.”

मी समोर उभी होते. मला तोंड होतं, तोंडात गाठी होत्या, टेबलावर टॉर्च होता. तो टॉर्च उचलायला त्याला काय पडत होतं? एकीनं न धुतलेलं बोट घातलं, दुसऱ्यानं टॉर्च असून पाहिलं नाही. मला दोघांचीही सारखीच किळस येते. फरक एवढाच की काकू ताप उतरेपर्यंत उशाशी बसायची.

घरी आल्यावर काकूला हकीगत कळली तेव्हा ती पोट धरून हसली. “मंग? मी सांगत होतो ना. त्याहीलेबी समजलं का गाठी निंगाल्या म्हनून. थे कापून काढतेत, मी बिनकापता काढतो.”

त्यानंतरच्या हिवाळ्यात उजवी बाजू अशी फुगली की तोंड उघडेना. जबडाच अडकला. लाळ गिळता येईना, ती उशीवर सांडायची. बोलायला गेले तर तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा आवाज. दुपारी काकू राखेची वाटी घेऊन आली. “आ कर.” होत नव्हता. तिनं दातांच्या फटीतून बोट आत रेटलं. मला ओरडता येत नव्हतं, ढकलायची ताकद नव्हती, म्हणून मी चावले. असेल नसेल तेवढा जोर लावून.

काकूनं बोट बाहेर काढलं. रक्त पदराला पुसलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. ती माझ्या जबड्याकडे नुसती पाहत राहिली आणि आईला म्हणाली, “मंदा, चावली पन तोंड उघडलं नाही इनं. हे माह्या हातचं नोहे. ऊठ.”

यवतमाळच्या जीपमध्ये मी तिच्या मांडीवर होते. ड्रायव्हर आणखी सवाऱ्यांची वाट पाहत थांबला होता. काकू मागून ओरडली, “काहून थांबून राह्यला बे? पोट्टी मरून राह्यली आन् तू सवाऱ्या भरून राह्यला? चाल, त्या रिकाम्या सीटवर मीच बसतो समज, पैसे घे.” जीप निघाली.

दवाखान्यात एका डॉक्टरबाईंनी जबडा जेमतेम उघडून आत उजेड पाडला. गाठीमागे पू झाला होता. तो त्यांनी काढला. त्याचा रंग आणि वास मी लिहीत नाही, कारण हे वाचून कोणी जेवायला बसणार असेल. श्वास मोकळा झाला तेव्हा मला कळलं की तो किती दिवस अडला होता. मग बाईंनी विचारलं, “आत हे ओरखडे कशाचे आहेत?”

काकू म्हणाली, “म्या गाठी काढल्या होत्या.”

“कशानं?”

काकूनं ते चावलेलं बोट वर केलं.

डॉक्टरबाईंनी आवाज न चढवता तिला जे सुनावलं ते सगळ्या खोलीनं ऐकलं. काकूला एकच उत्तर सुचलं. “मी फुकट करतो, डाक्टरीनबाई.”

“म्हणूनच लोक येतात,” बाई म्हणाल्या.

आईवडिलांना त्यांनी स्पष्ट सांगितलं, “सगळ्या पोरांच्या गाठी काढाव्या लागत नाहीत. वय वाढलं की पुष्कळांचा त्रास आपोआप कमी होतो. हिच्या आता कामाच्या राहिल्या नाहीत, पुन्हा पू होईल, आणि दर वेळी जीप वेळेवर मिळेल असं नाही. सूज उतरली की घेऊन या.”

सूज उतरली आणि घरात वाद सुरू झाला. गाठी कापल्या की आवाज जातो, असं सगळ्यांना माहीत होतं. कोणाच्या तरी मावसबहिणीचा गेला होता. त्या मावसबहिणीला पाहिलेलं कोणी नव्हतं. वडील चांगले माणूस, पण म्हणाले, “मुलगी मुकी झाली तर पुढे तिच्या लग्नाचं काय?” एकीकडे माझा श्वास, दुसरीकडे शाळकरी पोरीचं लग्न, आणि माझा बाप खरोखर विचारात पडला होता. काकू तर दारात ठाण मांडून बसली. “देवानं देल्ल्या गाठी हायेत. कापल्यावर आवाज कुठून निंघन? मले नका सांगू.”

आई शिबिरापासून बोलायची कमी झाली होती. त्या दिवशी भाकरी थापता थापता थांबली. “तिथं मी चुकीचं बोलली म्हणून माही पोट्टी वापस आली. आता कोनीच नका बोलू. काढाच्या. कापून.” आणि पुन्हा थापायला लागली.

ऑपरेशन झालं. काकू सुधारली असं लिहिलं तर पत्रकाला बरं दिसेल, पण ती सुधारली नाही. लहान पोरांच्या घशात ते बोट पुढेही जात राहिलं. मी मोठी झाल्यावर तिच्याशी भांडले, तिच्या दारावर पत्रक चिकटवलं; तिनं त्यावर पापड वाळवले. एवढंच झालं की ज्याचं तोंड उघडत नाही किंवा दम लागतो, त्याला ती हात न लावता स्वतः यवतमाळच्या जीपमध्ये घालायची. आणि संताप याचा की गल्लीत माझ्या बाबतीतही अजून असंच बोलतात: “हिच्या गाठी काकूनंच काढल्या.” पुढे ती लेकाकडे पुसदला राहायला गेली आणि दोन वर्षांपूर्वी तिथेच वारली. मी पोचले तेव्हा तिला नेलेलं होतं.

तिची आठवण म्हणून मी जपून ठेवली आहे ती वॉर्डातली सकाळ. ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं. काकू आपलं म्हणणं खरं ठरलेलं बघायला आली होती, हे ती लपवतही नव्हती. बोलायला मला मनाई नव्हती, पण गिळताना जीव जात होता, म्हणून मी तोंड मिटून पडले होते. ती माझ्यावर वाकून विनवत होती, “बोल, माही माय. एक बोल. शिवी दे मले, पन बोल.” मी मान हलवली. तिला जे समजायचं ते समजलं. ती वडिलांवर उलटली, “पाहा, मुकी केली पोट्टी. झालं समाधान?” ती रडली, नाक शिंकरलं, आणि सवयीनं वळून माझ्या उशाजवळच्या भिंतीवर गुडाखूची लांब पिचकारी मारली. भिंत नुकतीच रंगवलेली होती.

मला इतकी शिसारी आली की दुखणं मागे पडलं. चिरक्या आवाजात मी म्हणाले, “काकू, भाईर जाऊन थुंक.”

ती वॉर्डभर सुटली. या खाटेपासून त्या खाटेपर्यंत, ओळख ना पाळख, प्रत्येकाला सांगत. “आईकलं का? माही पोट्टी बोलली. मले म्हने भाईर थुंक.” तेवढ्यात नर्स आली. तिनं भिंत पाहिली, काकूकडे पाहिलं आणि फिनेलचं फडकं तिच्याच हातात दिलं. काकू मुकाट खाली बसली. भिंत पुसता पुसता शेजारच्या बाईला सांगत राहिली, “आवाज तोच हाय, जराबी नाही बदलला. पह्यलेपासूनच भांडकुदळ हाय ते.”

नर्स म्हणाली, “तो कोपरा राहिला.”

काकूनं हसत हसत कोपराही पुसला.