माझ्या चाकामागचा विनय

सायकल चालवतानाच मी हात वर करून पंचाच्या मोटरसायकलला जवळ बोलावलं आणि अंगठ्याने मागे दाखवलं. विनय माझ्या चाकाला चिकटून होता.

रायपुरात आज पहिल्यांदाच लांब पल्ल्याची ट्रायथलॉन झाली. पोहणं, नव्वद किलोमीटर सायकल, मग धावणं. नवा रायपूरच्या मोकळ्या रस्त्यावर समोरून वारा होता. दुसऱ्याच्या आडोशाने वारा चुकवायला मनाई आहे. विनय वीस किलोमीटर तेच करत होता.

यानेच मला सरावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलं होतं. "ताई, तुमच्यामुळे सारेच स्लो होऊन राहिले."

पंचाने त्याला शिक्षा म्हणून पाच मिनिटं तंबूत बसवलं. शेवटच्या रेषेवर तो माझ्यानंतर तीन मिनिटांनी पोहोचला.

"काहून सांगितलं, ताई? आपण एकाच ग्रुपचे ना?"

"ग्रुपमधून तं तूच काढलं मले."

तंबू नसता तर तो माझ्याआधी पोहोचला असता, हे मला माहीत आहे. तरी वाईट वाटत नाही. तुम्ही हात वर केला असता का?

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडते आहे: विनयने मला ग्रुपमध्ये परत घेतलं. मी सगळ्यांना गुड मॉर्निंग लिहिलं आणि स्वतःच ग्रुपमधून बाहेर पडले.