बिनदुधाचं बिऱ्हाड

किस्से मुद्दाम जपून ठेवावे लागत नाहीत. तीन माणसं एका चुलीवर जेवायला लागली की ते आपोआप साठत जातात. मग कुणाच्या बारशाला किंवा स्टेशनवर गाडीची वाट बघताना कुणीतरी म्हणतं, "ते मांजराचं सांग ना!" आणि सगळी रास पुन्हा उपसावी लागते. आमच्या अकोल्याच्या बिऱ्हाडाची रास दुधापासून सुरू होते. खरं म्हणजे दूध नसण्यापासून.

तेव्हा वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चालायचा आणि आमचा गुलाबरावच्या मर्जीनं. बिऱ्हाडात आम्ही तिघे, तिघेही बिनलग्नाचे. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर. हरिभाऊ त्याच शाळेत सायन्स शिकवायचा. तो पातूरकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. गुलाबराव एका जिनिंग फॅक्टरीत कारकून. बाजारहाट त्याच्याकडे आणि स्वयंपाक कामाला येणाऱ्या सखूबाईंकडे. तिघेही माळकरी घरांतले, त्यामुळे मटणाचा आणि अंड्याचा प्रश्नच नव्हता. दूध, दही, तूप मात्र सढळ हातानं चालायचं, आणि त्यात आमच्या पगाराचा मोठा घास गवळी घेऊन जायचा.

एका सकाळी दूध फारच पातळ आलं. हरिभाऊ रिकामा लोटा घेऊन गोठ्यावर भांडायला गेला आणि तसाच रिकामा लोटा घेऊन परत आला.

"पाणी घालून राहिला ना तो?" गुलाबरावनं विचारलं.

"घालून राहिला."

"मंग भांडला काहून नाई?"

"वासरू खुंट्याले बांधलं होतं," हरिभाऊ म्हणाला. "धार काढून होईपर्यंत बादलीकडं पाहून राहिलं होतं. आता त्याच्यापुढं मी काय भांडू, का माह्या वाट्याचं दूध पातळ हाय म्हणून?"

त्या दिवसापासून त्यानं दूध सोडलं. दुधाबरोबर दही, ताक, लोणी, तूप, सगळंच. गुलाबरावनं बोटांवर महिन्याचा हिशेब केला. मग म्हणाला, "मी तुमच्यासंगं हाय. तत्त्व तुमचं, बचत माही." दोघे एका बाजूला झाल्यावर मला विचारण्याचा प्रश्नच उरला नाही.

*

पहिला फटका चहाला बसला. बिनदुधाच्या चहाची कुणालाच सवय नव्हती. सखूबाईंनी आपल्या बुद्धीनं त्यात गूळ, सुंठ आणि गवती चहा घालून तो काळाभोर उकळायला सुरुवात केली.

एके दिवशी हेडमास्तर अचानक घरी आले. सखूबाईंनी त्यांच्यापुढे पितळी पेला ठेवला. त्यांनी पेल्यात पाहिलं, मग आम्हा तिघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "कोण आजारी आहे?"

खरं सांगायचा आम्हाला धीर झाला नाही. गुलाबराव एकदम खोकला. हेडमास्तरांनी आजाऱ्याला सोबत म्हणून तो पेला संपवला. पुढच्या आठवड्यात ते मफलर गुंडाळून स्वतःहून आले आणि म्हणाले, "तुमचा तो काढा आहे का जरा? नाक चोंदलंय."

*

सखूबाईंना हे सगळं अजिबात पसंत नव्हतं. त्यांनी कढवलेल्या तुपाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा, आणि तो त्यांचा अभिमानाचा विषय होता. एका रात्री वरणाचा पहिला घास घेतल्याबरोबर हरिभाऊ थांबला.

"सखूबाई, तूप घातलं तुमी."

"नाई बा."

"वास येऊन राहिला."

"तूप नाई घातलं मास्तर. भांडं तेवढं तुपाचं होतं."

हरिभाऊनं ते भांडं विहिरीवर नेलं, राखेनं स्वतः खसाखसा घासलं आणि चकचकीत करून त्यांच्यापुढे ठेवलं. सखूबाईंनी ते फिरवून फिरवून पाहिलं. "वास गेला," त्या म्हणाल्या. "पण आठवण कशी जाईन?" हे त्या भांड्याबद्दल बोलत होत्या की स्वतःबद्दल, ते आम्ही विचारलं नाही.

*

आता मांजराचं.

आमच्याकडे दुधाच्या वेळेला एक पांढरी मांजर यायची. दूध बंद झालं तरी तिनं वेळ सोडली नाही. रोज यायची, बसायची आणि हरिभाऊकडे बघत राहायची. हरिभाऊला ते सहन होईना. शेवटी सायन्स मदतीला धावून आलं. त्यानं भुईमुगाचे दाणे रात्रभर भिजवले, सकाळी पाट्यावर वाटले आणि गुलाबरावच्या नव्या धोतरातून गाळले. गुलाबरावला त्यानं विचारलं, पण गाळून झाल्यावर.

दूध दिसायला अगदी दुधासारखं होतं. हरिभाऊनं ते बशीत ओतलं आणि मोठ्या ऐटीत मांजरीपुढे सरकवलं. मांजरीनं वास घेतला. एकदा हरिभाऊकडे पाहिलं. मग शेपटी उभी करून ती जी गेली ती समोरच्या वकिलांच्या ओट्यावर जाऊन बसली.

"ती अजून जुन्या विचाराची हाय," हरिभाऊ म्हणाला.

पण त्यानं नाद सोडला नाही. मिरचीचे देठ टाकून त्या दुधाला विरजण लावायचा प्रयत्न सुरू केला. किती भांडी फेकली याचा हिशेब नको. पण एक दिवस दही लागलं, आणि सखूबाईंनी त्याची कढी केली. लसूण, मोहरी, कढीपत्ता, वर तेलाची खमंग फोडणी. गुलाबराव भुरके मारत राहिला. माझ्या मते तो आमच्या बिऱ्हाडाचा सोन्याचा दिवस.

*

बातमी पातूरला पोचली आणि हरिभाऊचे वडील, आबा, थेट येऊन धडकले. आबांचा शेजारच्या शेतकऱ्याशी धुऱ्यावरून जन्मभर तंटा. दोन वावरांमधला तो वीतभर मातीचा बांध. पण तो आपल्या बाजूला तसूभरही सरकू द्यायचा नाही, एवढंच आबांचं आयुष्याचं धोरण. पावसाळ्यात ते म्हणे छत्री घेऊन धुऱ्यावर बसायचे.

आम्हाला वाटलं, आता बापलेकांचं जोरदार वाजणार. आबांनी वासराची हकिकत शांतपणे ऐकली. कढी भाकर खाल्ली. पानाला चुना लावत म्हणाले, "दूध सोड, तूप सोड. मन करीन ते सोड, हऱ्या. फक्त धुरा सोडू नको."

आणि संध्याकाळच्या मोटारीनं ते परत गेले, कारण धुऱ्यावर कुणी नव्हतं.

*

मग हरिभाऊला स्थळ आलं. परतवाड्याचं. मुलीचे वडील तात्या तुपाचे व्यापारी! मेळघाटात सेमाडोहकडच्या गवळ्यांकडून तूप घ्यायचं आणि अमरावतीच्या बाजारात पाठवायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. गुलाबराव म्हणाला, "भाऊ, वाघाच्या घरी तू तुळशीची माळ घालून चालला."

आम्ही तिघे सर्व्हिस मोटारीनं गेलो. घरात पाऊल टाकताच तुपाचा असा घमघमाट आला की गुलाबरावनं दाराची चौकट धरली. मुलगी आली. वत्सला तिचं नाव. सावळी, शांत, पण डोळे सगळीकडे. हरिभाऊला ती पाहताक्षणी आवडली. मी त्याच्या शेजारीच होतो. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

तिनं प्रत्येकाच्या हातात केशर घातलेल्या आटीव दुधाचा पेला दिला आणि दाराशी जाऊन उभी राहिली. हरिभाऊ पेला धरून नुसता बसला. तात्या पान आणायला वळले तेवढ्यात गुलाबरावनं आपला रिकामा पेला त्याच्या हातात कोंबला आणि त्याचा भरलेला उचलला. गुलाबरावनं डोळे मिटून व्रत दुसऱ्यांदा मोडलं, आणि ते डोळे बराच वेळ उघडले नाहीत.

तात्यांनी वळून पाहिलं. जावयाचा पेला रिकामा! "वा! पोट्टा दुधाचा शौकीन हाय," ते म्हणाले आणि त्यांनी पेला पुन्हा काठोकाठ भरला. त्यांची पाठ फिरताच गुलाबरावनं मैत्रीसाठी तोही संपवला.

परतीच्या मोटारीत हरिभाऊ म्हणाला, "तिनं पायलं."

"मंग?"

"हसली."

अकोल्याला उतरताना म्हणाला, "तात्याले खरं सांगा लागते. असं खोटं दूध पिऊन म्या लगन नाई करत."

*

ती संधी तात्यांनीच आणून दिली. ते अकोल्याला आले आणि होणाऱ्या जावयाचं बिऱ्हाड बघायला म्हणून जेवायला थांबले. सोबत तुपाचा डबा. सखूबाईंनी डब्याकडे असं पाहिलं, जसं कुणी माहेरचं माणूस आलं असावं.

तात्यांना कढी वाढली. त्यांनी एक भुरका मारला, मग दुसरा. वाटी पुढे केली. तीही संपवून मिशा पुसल्या आणि विचारलं, "ताक झकास हाय. म्हैस कोणाची?"

हरिभाऊ उठला, कोपऱ्यातलं भुईमुगाचं पोतं ओढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "हे." मग वासरापासून गुलाबरावनं प्यायलेल्या पेल्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

तात्या लालबुंद झाले. "म्हणजे माह्या धंद्याले नाक मुरडून राहिला तू?"

"नाई तात्या. तुमच्या पोरीवर माहा जीव हाय. तुपावर नाई. एवढंच."

तात्या डबा उचलून निघून गेले. पंधरा दिवस काही निरोप नाही. त्या दिवसांत हरिभाऊ वर्गात ऑक्सिजन शिकवताना खिडकीबाहेर बघत राहायचा, आणि आम्हाला त्याची मनापासून कीव यायची. मग एक दिवस तात्या पुन्हा दारात.

"पोट्टी अडून बसली," ते बसायच्या आधीच म्हणाले. "म्हणते, करीन तं त्याच मास्तराशी. लगन लावून देतो. पण ध्यान देऊन ऐक. सगळ्या पंगतीपुढं जावयाच्या ताटात माह्या हातचं तूप पडलं पायजे. नाई म्हणला, तं माह्या दारी पाय ठेवू नको आन तिलेही आणू नको. तिचं माहेर तुटलं समज."

*

तुपाचं काय ते हरिभाऊनं पंगतीवर सोपवलं, आणि लग्न परतवाड्याला झालं. अक्षता पडल्या, फोटो निघाला, आणि पंगत बसली. आमच्याकडे त्या पंगतीला नवरा-नवरी एकाच ताटात जेवतात, आणि जेवायच्या आधी नवरदेव रुसतो. घासाला हात लावत नाही. मग सासऱ्यानं विचारायचं, काय पाहिजे. आणि तो मागेल ते नाही म्हणायचं नाही. तात्यांनी त्यासाठी सायकल आणून मांडवाबाहेर उभी करून ठेवली होती.

हरिभाऊ आणि वत्सला ताटावर बसले. मधोमध वरणभाताची रास. तात्या तुपाचा तांब्या घेऊन आले. हरिभाऊनं हात मांडीवर ठेवले आणि मान खाली घातली.

"रुसले, जावई रुसले!" बायका हसल्या.

"सायकल बाहेर उभी हाय," तात्या म्हणाले.

"सायकल नको."

"मंग काय पायजे?"

"ताटात तूप नको."

तात्यांच्या हातातला तांब्या तसाच वाकडा राहिला. वाढावं तर रुसलेल्या जावयाचं मागणं मोडलं. न वाढावं तर स्वतःचाच शब्द गेला. गुलाबरावनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. मला वाटलं, संपलं. पोरीचं माहेर गेलं.

तेव्हा वत्सलेनं हात पुढे केला. भाताच्या राशीत मधोमध बोटानं रेघ ओढली, दोन्हीकडचा भात दाबून रेघेवर आणला आणि छानसा बांध घातला.

"बाबा, हा धुरा," ती म्हणाली. "तिकडचं वावर त्यांचं, इकडचं माह्यं. ताट एकच हाय. माह्या वावरात वाढा."

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग तांब्या कलला. त्यांची धार बारीक नव्हती. पिढीजात तुपाचा हात होता तो. तूप तिच्या भातात पसरलं, पसरत धुऱ्यापाशी आलं आणि वर चढायला लागलं. सगळी पंगत माना वाकवून बघत होती. आता ओलांडणार, एवढ्यात वत्सलेनं त्याच्या बाजूचा मूठभर भात ओढला आणि धुऱ्यावर थापला. तूप थांबलं.

पण धुरा सरकला होता. चांगला दोन बोटं, हरिभाऊच्या वावरात. मांडवातले झाडून सगळे शेतकरी. ते सगळ्यांना दिसलं. आणि सगळ्यांनी एकदम आबांकडे पाहिलं.

आबा उठून उभे राहिले. ताटाजवळ आले, वाकले, सरकलेला धुरा नीट न्याहाळला.

"जाऊ दे, हऱ्या," ते म्हणाले. "घेऊ दे तिले."