मी ओरडले नाही म्हणून

आज पनवेलच्या एका दवाखान्यात तांबी बसवून घेतली. आधी सुन्न करायचं औषध हवं का, हे कुणी विचारलंच नाही. ओटीपोटात अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. पण परक्यांसमोर ओरडायचं नाही, हे आईने शिकवलेलं. मी ओठ चावून पडून राहिले.

नंतर बाहेर बाकावर बसले होते. माझ्या पाठोपाठ आत गेलेली मुलगी किंचाळली, "आई गं! थांबा ना, मॅडम!"

सिस्टर म्हणाल्या, "एवढं काय गं? आत्ता गेली ती ताई बघ, हूं की चूं केलं नाही."

मलाही दुखलं होतं, हे सांगायला उठले. तोवर तीही गप्प झाली होती.

मैत्रिणींनो, तुम्ही सांगितलं होतंत का, दुखतंय म्हणून?