राबाचा धूर

मुरबाडच्या कचेरीत मी कारकून होतो. समोरच्या कोठडीत वैशाखरे गावाकडचा एक ठाकर होता. भाताचं रोप टाकायची जागा भाजायला, म्हणजे राबाला, त्यानं सरकारी जंगलातल्या फांद्या तोडल्या होत्या. दंड भरता आला नाही म्हणून तो आत. डोंगराकडून दुसऱ्यांच्या राबाचा धूर आला की तो गज धरून वास घ्यायचा आणि पुन्हा येरझाऱ्या घालायचा.

"पावसाआधी सोडा हो. राब भाजतो नि परत येऊन बसतो," रोज विनवायचा. त्याच्या पायांच्या आवाजानं माझं कामात लक्ष लागेना.

सुटका झाली तेव्हा शेतांत लावणी चालू होती. शिपायानं दार उघडलं, तर तो कोपऱ्यातून उठेचना.

"आता नका सोडू," म्हणाला. "माझं रोप नाय. लोकांची लावणी बघत बसू काय?"