मामांच्या हातावरचा डाग

वैद्य, वैदू आणि शेजारीपाजारी यांनी मिळून आजवर जेवढे म्हणून उपाय शोधून काढले, ते सगळे माझ्या बायकोच्या कडाव गावच्या मामांवर करून झाले आहेत, आणि मामा त्या सगळ्यांना पुरून उरले आहेत. इतर लोक आजाराचं वर्णन करतात. मामा उपायानंतर काय झालं ते सांगतात. कडू गोळ्यांनी हिवताप गेला, पण उजव्या कानात जो भुंगा गुणगुणू लागला तो अजून मुक्कामाला आहे. टाचेच्या कुरुपावर बिब्बा लावला, तेव्हा कुरुपाबरोबर कातडंही गेलं, आणि आता पाऊस यायच्या आधी दोन दिवस टाच ठणकते. "रेडिओच्या आदी मला कळतं," असं वर ऐकवतात.

पण खरा मान डाव्या हाताचा. लहानपणी कावीळ झाली तेव्हा कोपराशी तापल्या सुईचा डाग दिला होता. कावीळ उतरली आणि कोपर जे अर्धवट वाकलं ते कायमचं. त्या हातावर मामा छत्री अडकवतात, बाजारात मामी पिशवी अडकवतात, आणि एका लग्नात मांडववाल्याने त्यावर विजेची वायरही अडकवली होती. पाहुणा टेकतो न टेकतो तोच बाही वर! "बगा जावयबापू, ह्यो डाग. म्हनून तुमच्यासमोर बसलोय."

गेल्या श्रावणात त्यांच्या पाच वर्षांच्या पणतीचे डोळे पिवळे झाले. आम्ही नवराबायको आमच्या भिसेगावाहून बघायला गेलो, तर मामी चुलीत सुई तापवत बसलेल्या आणि नातसून पोरीला कवटाळून रडत होती.

"रडतीस कशाला गं?" मामी म्हणाल्या. "तुज्या आजेसासऱ्याकडं बग. ऐंशी वर्सं झाली, हायेत ना धडधाकट?"

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मीही पाहिलं. मध्ये बोलायचं माझं धाडस झालं नाही, हे कबूल करतो.

मामा उठले आणि तांब्याभर पाणी त्यांनी चुलीत ओतलं. "डागानं नाय गेली कावीळ. ती आपसूक उतरली. डाग मात्र चिघळला, चार म्हैने हातरुणात व्हतो. पोरीला हात लावायचा नाय. जावयबापू, गाडी काडा."

आयुष्यभराची फुशारकी अशी एका दमात मोडून हा माणूस पणतीला मांडीवर घेऊन माझ्या गाडीत बसला. कर्जतच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पथ्य सांगितलं, आणि महिन्याभरात पोरगी अंगणात कोंबड्यांमागे धावू लागली. मामांचा थाट असा, की कावीळ त्यांनीच बखोट धरून वेशीबाहेर काढली! हल्ली गावात कुणाचे डोळे जरा पिवळे दिसले की मामा त्याला टेंपोत घालून कर्जतला नेतात. आजवर चौघांना नेलं. त्यातल्या एकाला नुसतं जागरण झालं होतं.

एकदा मी विचारलंच, "मामा, मग इतकी वर्षं त्या डागाचं कौतुक कशाला सांगत होतात?"

मामांनी वर केलेली बाही खाली ओढली. "डाग माज्या आयनं दिला व्हता. माजा हात वाकडा ऱ्हायला, ते तिला लय लागलं. म्हनून ती जवळ असली का मी येईल त्याला सांगायचो, आयनं डाग दिला म्हनून वाचलो. ती गेली, पन सवय नाय सुटली."

मी कधीही न पाहिलेल्या त्या बाईबद्दल मला फार माया वाटली, आणि तिच्या मुलाबद्दल त्याहून जास्त.